गंगेवर बोट का चालत नाही?



ह्या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वान बोलून गेले. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतील शिक्षण आठवीशी आटोपले. पुढचे शिक्षण जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या भट्टीपुढे, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. इतिहास मी वाचला तो परीक्षेसाठी नव्हे. कामगार बंधू जे प्रश्न विचारीत, त्यांना खरे उत्तर देता यावे म्हणून वाचला. आजचा विषयही अशाच एका प्रश्नातून निघाला आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीत कोणीतरी एका प्रवासी कंपनीचे रंगीत माहितीपत्रक विसरून गेले. फ्रान्समधील रोन नदीवरून आठ दिवसांची जलयात्रा, असा त्याचा मजकूर. पांढरीशुभ्र लांबलचक बोट, दोन्ही तीरांवर जुनी गावे, चढणीवर द्राक्षांचे मळे. शहागडकडचा एक तरुण भट्टीकामगार ते बराच वेळ न्याहाळीत बसला होता. त्याने विचारले, "अण्णा, ही नदी आपल्या गंगेपेक्षा मोठी असंल ना?" मी म्हणालो, "नाही. ती आठशे बारा किलोमीटर, आपली गोदावरी चौदाशे पासष्ट." तो म्हणाला, "मग आपल्या गंगेवर अशी बोट का चालत नाही?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर मला देता आले नाही. ते शोधण्यात माझे वर्ष गेले. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या बोटीत आपणही बसू. प्रवास लियों शहरापासून सुरू होतो. येथे सोन नदी रोनला मिळते. संगमावरचे हे गाव रोमन लोकांनी इ. स. पूर्व ४३ मध्ये वसविले. पुढे ते रेशमाचे माहेरघर झाले. प्रवाशांना तेथे रेशमी वस्त्रे दाखवितात, विणकरांच्या उंच छपरांची घरे दाखवितात. उंच छपरे कशासाठी? माग उंच होता म्हणून. त्या घरांतून १८३१ च्या नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले. मालाचा किमान दर ठरवून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. दर ठरला, पण व्यापाऱ्यांतील अनेकांनी तो पाळण्यास नकार दिला. तेव्हा विणकरांनी काळे निशाण उभारले. काम करून जगू, नाहीतर लढता लढता मरू, असा त्यावरील मजकुराचा आशय होता. काही दिवस सारे शहर त्यांच्या हाती होते. मग सैन्य आले. १८३४ मध्ये ते पुन्हा उठले आणि पुन्हा चिरडले गेले. युरोपातील कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्याला ह्या नदीकाठी थांबावेच लागते.

बोट दक्षिणेकडे निघते. डोंगराच्या उभ्या उतारावर द्राक्षाच्या वेली दिसतात. तेथे दगडी बांध घालून माती अडविलेली असते. पावसाने खाली वाहून आलेली माती माणसांनी पाठीवर वाहून पुन्हा वर नेलेली आहे, आणि हे शतकानुशतके चालले. पुढे आव्हीन्यों लागते. १३०९ ते १३७७ ह्या काळात ख्रिस्ती धर्मगुरू पोप रोम सोडून येथे राहिले. त्यांचा वाडा अजून उभा आहे. त्याच्याशेजारी नदीत अर्धवट तुटलेला एक पूल आहे. बाराव्या शतकात बांधलेल्या ह्या पुलाच्या बावीस कमानींपैकी आज चारच उरल्या आहेत. बाकीच्या पुरांनी नेल्या आणि सतराव्या शतकात गावाने दुरुस्तीचा नाद सोडला. हा तुटका पूल मला फार बोलका वाटतो. जी नदी आज पाहुण्यांच्या बोटी अलगद वाहून नेते, तीच एके काळी पूल खात होती, हे तो सांगतो.

मग ही नदी शहाणी झाली कशी? श्रोतेहो, येथेच माझ्या प्रश्नाचे पहिले सूत्र सापडते. रोनवर बोटी पूर्वीही चालत. पण प्रवाहाबरोबर खाली जाणे जितके धोक्याचे, तितकेच वर येणे कष्टाचे. मालाने भरलेल्या नावांना दोर बांधून घोड्यांचे तांडे काठावरून ओढीत आणि लियों गाठायला आठवडेच्या आठवडे लागत. नदीचा सपाट, गहिरा, आज्ञाधारक मार्ग ही निसर्गाची देणगी नव्हे. १९२१ मध्ये फ्रान्सने एक कायदा केला. वीज, जलवाहतूक आणि शेतीचे सिंचन अशी तिन्ही कामे एकाच नदीवर, एकाच योजनेखाली व्हावीत, असे त्यात ठरले. १९३३ मध्ये त्यासाठी एक राष्ट्रीय कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये जेनीसियाचे धरण चालू झाले. १९५२ मध्ये दाँझेर-मोंद्रागोंचा कालवा झाला; त्यावरील बोलेनच्या कुलूपबंद हौदात बोट सुमारे तेवीस मीटर, म्हणजे सात मजली इमारतीइतकी, खाली उतरविली जाते. अशी धरणे आणि असे हौद बांधीत लियोंपासून समुद्रापर्यंतचा मार्ग १९८० पर्यंत पूर्ण झाला. माहितीपत्रकातील शांत पाण्याच्या तळाशी साठ वर्षांची मेहनत आहे.

त्याआधीचे आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. रोनच्या मुखाच्या पश्चिमेला, तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रापर्यंत, एक दोनशे चाळीस किलोमीटरचा कालवा आहे. आज त्यावरही सहलीच्या बोटी फिरतात. तो पिएर-पॉल रिके नावाच्या करवसुली अधिकाऱ्याने १६६६ ते १६८१ ह्या काळात बांधला. सुमारे बारा हजार माणसे कामावर होती. त्यांत शेकड्यांनी बाया होत्या. मजूर टिकावेत म्हणून रिकेने त्यांना महिन्याचा पगार लावून दिला. रविवार, सणाचा दिवस, पावसाचा दिवस आणि आजारपणाचे दिवस कापायचे नाहीत, असे १६६९ च्या सुमारास ठरले. रिके काही कामगारांचा पुढारी नव्हता. त्याला काम उरकायचे होते. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी एका मालकाला उमगले की पावसाने काम थांबले तर तो मजुराचा गुन्हा नव्हे. ही गोष्ट मी कामगारांच्या सभेत सांगतो तेव्हा लोक मला विचारतात, "अण्णा, हे आपल्याकडं कधी येणार?"

आता आपल्या गंगेकडे वळू. गंगा म्हणजे गोदावरी, हे गंगाथडीच्या श्रोत्यांना सांगायला नको.

ब्रह्मगिरीवर उगम पावून ती नाशिकला येते. तेथेही आज द्राक्षांचाच मुलूख आहे. गंगापूर धरणाच्या काठी आणि दिंडोरी-निफाडच्या शिवारांत वेलींचे मांडव पसरले आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे वाइनचे कारखाने निघू लागले. २००१ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी खास धोरण आणले. पुढे फ्रान्समधील एका जुन्या घराण्याने दिंडोरीजवळ आपली शाखा काढली. पण द्राक्षासाठी नाशिकलाच जायला हवे असे नाही. आपल्या जालना तालुक्यातील कडवंची गाव पाहा. १९९६ पासून तेथील लोकांनी पाणलोटाची कामे केली, पावसाचे पाणी शेतात मुरविले आणि कोरडवाहू माळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. तेथे नदी नाही. मुरविलेले पाणी आहे. आपले बागाईतदार द्राक्षाचे कलम डॉगरिजच्या खुंटावर बांधतात. तो खुंट मूळचा अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात मुळे खाणाऱ्या एका किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही अमेरिकी खुंटांवरच आपल्या वेली वाचविल्या. वेल कोणत्याही देशाची असो, तिला दुसऱ्याच्या मुळाचा आधार घ्यावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नाशिक सोडून खाली आलो की पुणतांबे लागते. चांगदेवांच्या समाधीचे हे गाव. १ जून २०१७ रोजी येथूनच शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजी शहराला न पाठविण्याचा तो संप होता. फ्रान्सच्या द्राक्षमुलखातही असेच घडले आहे. १९०७ मध्ये नकली दारूने बाजार बुडाला, तेव्हा दक्षिणेतील द्राक्षउत्पादक उठले. मोंपेलिएच्या सभेला पाच लाखांहून अधिक लोक जमले. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला. पण शेतकऱ्यांच्याच मुलांनी भरलेल्या एका पलटणीने आपल्या बापभावांवर बंदूक रोखण्यास नकार दिला. त्याच महिन्यात भेसळीविरुद्ध कायदा झाला. प्याल्यातील दारूचा रंग पाहुण्याला दिसतो. हा इतिहास दिसत नाही.

पुढे पैठण. सातवाहनांची राजधानी, एकनाथांचे गाव, पैठणीचे गाव. लियोंसारखेच नदीकाठचे आणि रेशमाचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ह्यांची नावे आहेत. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड भडोच बंदरात येई. त्याच बंदरात परदेशी दारू उतरत असे आणि इटलीच्या दारूला अधिक मागणी होती, असेही तो सांगतो. म्हणजे द्राक्षाच्या दारूचा आपला संबंध दोन हजार वर्षांचा आहे. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा माल नदीतून जात नव्हता. तो वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून नेत, असे त्या व्यापाऱ्याने स्पष्ट नोंदविले आहे.

आपल्या जिल्ह्यातील भोकरदन हे त्याच काळचे भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. १९७३ मध्ये तेथे उत्खनन झाले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडले गेले. तेव्हा त्यापूर्वीच आपल्या मुलखातील कारागिरांची कला समुद्रापार गेली होती. केळण्याच्या काठच्या कारागिराला रोम ठाऊक नसेल. रोमला मात्र त्याचे बोट लागले होते.

नदीतून माल गेला नाही, तर नदीकाठी गावे का वसली? ह्याचे उत्तर मला पुस्तकाआधी माझ्या आजोळी मिळाले होते, पण ते उत्तर आहे हे कळायला पन्नाशी यावी लागली. माझे आजोळ गंगाथडीचे. पावसाळ्यात आम्ही नावेतून पलीकडे जात असू. नावाडी भोई आमच्याकडून पैसे घेत नसे. सुगीला खळ्यावर येऊन तो वर्षाचे धान्य घेऊन जाई. उन्हाळ्यात तोच भोई वाळूत टरबुजाचे वेल लावी. आमचे गाव जेथे होते, तेथे नदी उथळ होती. उन्हाळ्यात बैलगाडी पाण्यातून पार होई. जुनी माणसे ह्याला 'उतार' म्हणत. आमची नदी वाट नव्हती. ती वाटेत आडवी येत होती. जेथे तिने ओलांडू दिले, तेथे माणसे थांबली, बाजार भरला, देऊळ उभे राहिले.

हे सूत्र हाती धरले की इतिहासाची पुष्कळ पाने उलगडतात. १७६३ च्या ऑगस्टची १० तारीख घ्या. निजामअली अर्धे सैन्य घेऊन गंगा उतरून आपल्या उत्तर बाजूला आला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राक्षसभुवनला होता. नदीला पूर. माधवराव पेशवे आणि रघुनाथराव ह्यांनी नेमका तो क्षण साधला. निजामाला पलीकडे आपल्या फौजेचा संहार उघड्या डोळ्यांनी पाहावा लागला. मदतीला जाता येईना. विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या दिवशी लढाईचा निकाल तलवारीइतकाच उताराने लावला.

दुसरी तारीख २३ सप्टेंबर १८०३. जागा आपल्याच जिल्ह्यातील असई. केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा उभ्या होत्या. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले की येथे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर पिंपळगाव आणि त्याच्या समोरच्या तीरावर दुसरे गाव, अगदी जवळजवळ. त्याने ताडले की समोरासमोरच्या दोन गावांची माणसे एकमेकांकडे गेल्यावाचून राहणार नाहीत; अर्थी येथे उतार असलाच पाहिजे. उतार होता. तेथून तो पार झाला आणि हिंदुस्थानच्या इतिहासाने वळण घेतले. आमच्या शेतकऱ्यांनी शेजाऱ्याकडे जाण्यासाठी शोधलेली पायवाट परक्या सेनापतीच्या उपयोगी पडली.

ह्या लढाईचा एक धागा रोनच्या खोऱ्याकडेही जातो. शिंद्यांचे कवायती पायदळ ज्याने घडविले, तो द बॉइन हा शांबेरीचा. हे शहर तेव्हा सॅव्हॉयच्या राज्यात होते, आज फ्रान्समध्ये आहे. लढाईच्या पुष्कळ आधी तो मोठी संपत्ती घेऊन मायदेशी परतला. शांबेरीच्या चौकात त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे आहे. प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात. त्याने कवायत शिकविलेल्या शिपायांच्या पलटणी मात्र असईच्या मातीत मोडल्या. त्यांच्यासाठी कोणी कारंजे बांधले नाही.

आणि बोट? गोदावरीवर बोट चालविण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. आर्थर कॉटन ह्या अभियंत्याने १८५२ मध्ये आंध्रात धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला. नंतर इंग्रजांनी वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या मार्गाने समुद्राला नेण्याची योजना आखली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. ते टाळण्यासाठी बांधकाम सुरू झाले, लाखो रुपये आणि पुष्कळ मजुरांचे प्राण खर्ची पडले. तोवर १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये नदीचे काम सोडून देण्यात आले. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत जी रेल्वे जालन्यावरून गेली, तिचे नाव ठेवले हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. गोदावरीच्या नावाने जी बोट आपल्याकडे आली, तिला चाके होती!

ह्याचे कारण उघड आहे. रोनला आल्प्सचे बर्फ उन्हाळ्यात पाणी पुरविते. आपली गंगा पावसावर जगते. चार महिने पूर आणि आठ महिने वाळू. तेव्हा फ्रान्सच्या नदीपुढे प्रश्न होता तो ती वाहती असताना वश कशी करावी. आपल्यापुढे प्रश्न आहे तो वाहून जाणारी नदी साठवून वाटावी कशी.

साठविण्याचे काम आपण केले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री ह्यांनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांनी धरणाचे उद्घाटन केले. शंभराहून अधिक गावांना त्याची झळ लागली. नाथसागराच्या पाण्याखाली कोणाची घरे आहेत, हे त्या गावांची माणसे अजून बोटाने दाखवितात. डावा कालवा आपल्या अंबड, घनसावंगीच्या शिवारातून गेला. वाटून घेण्याचे काम मात्र अर्धेच राहिले. वरच्या अंगाला धरणे वाढली, खालचे धरण रिकामे राहू लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात पाळी सुटलेले कामगार घरी न जाता घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहत, ते मी पाहिले आहे. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तरी पाऊस ओढला की दर साली नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असे भांडण पेटते. मला ते पटत नाही. वरचा बागाईतदार आमचा वैरी नव्हे. पुणतांब्याचा संपकरी आमचाच भाऊ आहे. फ्रान्सने १९२१ मध्ये सारी नदी एक मानून तिचा हिशेब मांडला. आपण धरणागणिक निराळी वही ठेवली. चूक तेथे आहे.

शेवटी उताराची एक गोष्ट. शहागडला आता मोठा पूल आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यावरून ट्रक आणि ट्रॅक्टर जातात. त्यांत आपल्या जिल्ह्यातील नवराबायको, पोरेबाळे, भांडीकुंडी आणि कोयते असतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन ती ऊस तोडायला निघतात. मोळ्यांच्या टनावर त्यांची मजुरी ठरते. पावसाने तोड बंद पडली, मूल आजारी पडले, तर त्या दिवसाचे काही नाही. आजचा उतार हा आहे. रिकेच्या मजुराला १६६९ मध्ये जे मिळाले, त्याची मागणी आम्ही अजून करीत आहोत.

त्या तरुणाला मी परवा उत्तर दिले. मी म्हणालो, "बाबा, बोट नदीवर चालत नाही, माणसांच्या कामावर चालते. तिकडे लोकांनी नदी बांधली म्हणून बोट चालते. आपल्या नदीवर आधी पाणी सगळ्यांपर्यंत चाललं पाहिजे." त्याने विचार केला आणि म्हणाला, "मग अण्णा, बोट ऱ्हाऊ द्या. पण आमच्या आईला पूल ओलांडून जावं लागू नये, असं कायतरी करा."

श्रोतेहो, ह्याहून चांगले उत्तर मला एका वर्षाच्या वाचनात सापडले नाही. ते आपणांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.